केळीच्या प्रश्नाचं सुबोध उत्तर

जिल्ह्यातल्या मुलांना प्रश्न पडतात, ही गोष्ट १९९८ साली वरच्या पातळीवर लक्षात आली. त्याआधीही ते पडत असावेत, पण त्यांची कुठे नोंद नव्हती. जळगावात तेव्हा टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट नुकतंच आलं होतं. जगातलं सगळं ज्ञान त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसलं आहे, असं ज्यांनी ते पाहिलं नव्हतं ते सगळे सांगत होते. मूल इकडे, ज्ञान तिकडे आणि मध्ये नुसती तार, ही परिस्थिती बालकांना अपायकारक ठरू शकते असा विचार झाला आणि मध्ये एक कार्यालय बसवण्यात आलं. त्याचं नाव बालसुबोध शोध कक्ष. मुलाने प्रश्न विचारायचा, कक्षाने तो इंटरनेटवर शोधायचा आणि सापडलेलं उत्तर मुलाला वाचता येईल इतकं सोपं करून त्याच्या हाती द्यायचं. योजना चांगली होती. योजना चांगलीच असते.

फैजपूरच्या पुढे, केळीच्या बागांत बुडालेलं आमचं गाव. शाळेत अभिमन गुरुजी पाचवीला शिकवायचे. प्रत्येक शाळेने एक प्रश्न पाठवावा, असा आदेश आल्यावर त्यांनी वर्गाला विचारलं, "प्रश्न पडलेल्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. हात वर केला की पाण्याची टाकी भरायला जावं लागतं, असा वर्गाचा अनुभव होता.

"अरे, एकालाही नाही? वारा कुठून येतो, असलं काहीतरी?"

मागून एकजण म्हणाला, "गुरुजी, सुट्टी कव्हा व्हईन?"

"हा प्रश्न नाही, ही मागणी आहे. बस खाली."

मग मी हात वर केला. "गुरुजी, केळ घडामुळे मरते का?"

सगळा वर्ग खो खो हसला. आमच्या गावात केळीबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे स्वतःच्या घराचा रस्ता विचारण्यासारखं. घड उतरला की खांब कापतात, हे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. का, ते कुणी विचारत नाही. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांना आमच्या घरचं माहीत होतं.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आई बाळंतपणाला दवाखान्यात गेली. बाळ घरी आलं, आई आली नाही. मला सांगितलं, आई देवाघरी गेली. कशी गेली विचारलं, तर म्हणाले, तू लहान आहेस. पण मंदाकाकू भिंतीवरून शेजारणीला सांगत होती, ते मी ऐकलं. "केळीसारखं झालं वं माय. घड टाकला अन् केळ सरली." घड पाळण्यात झोपला होता. त्याला दाट जावळ होतं. आईबद्दल कुणी काही सांगणार नव्हतं, तेव्हा निदान केळीबद्दल तरी कळून घ्यावं आणि ते कळेपर्यंत पाळण्याला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं.

"घे वं त्याले जरासा," काकू कणीक मळता मळता ओरडायची. "भाऊ हाये तुहा, इच्चू नही!"

मी घेतलं नाही. प्रश्न शासनाकडे गेला होता. प्रकरण विचाराधीन होतं.

प्रश्न विचारणारी व्यक्ती खरोखर बालक आहे, याची खात्री करण्यासाठी तिला कक्षात समक्ष हजर करायचं होतं. म्हणून गुरुजी मला एसटीने जळगावला घेऊन गेले. तिथले प्रमुख लीलाधरसाहेब. त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली हसऱ्या मुलांची चित्रं होती.

"तू बालक आहेस?" साहेबांनी विचारलं.

मी गुरुजींकडे पाहिलं.

"आहे साहेब," गुरुजी म्हणाले. "मीच शिकवतो तिला."

"तोंडी नको. शाळेचा दाखला?"

दाखल्याने मी बालक असल्याचं सिद्ध केलं. मग रतिलाल नावाच्या ऑपरेटरने कंप्यूटरवरचा फडक्याचा झगा काढला, उदबत्ती ओवाळली आणि फोन लावला. यंत्राने मानेवर सुरी ठेवल्यासारखी किंकाळी फोडली.

"लागतोय, लागतोय! कुणी खोकू नका," रतिलाल म्हणाला.

आम्ही श्वास धरला. लाइन तुटली. पुन्हा लावली, वीज गेली. वीज आली, तर साहेबांना त्याच फोनवर घरून फोन आला. दुपारी केव्हातरी तार जोडली गेली आणि कडेला भोकं असलेला कागद प्रिंटरमधून करकर करत बाहेर पडू लागला. इंग्रजीत होता, पण त्यात केळीचं चित्र होतं. जमिनीच्या वरची केळ आणि जमिनीच्या खालचीही. खालची केळ मी कधी पाहिली नव्हती. नीट पाहावी म्हणून मी हात पुढे केला.

"हात लावू नको!" साहेब खुर्चीतून उठलेच. "कच्चा आहे तो! सुबोध व्हायचाय अजून."

मळलेल्या कणकेवर ओला रुमाल टाकावा तशी त्यांनी कागदावर फाइल टाकली.

सुबोध करायचं म्हणजे काय, ते त्यांनी गुरुजींना समजावून सांगितलं. उत्तर सोपं आहे की अवघड, हे मोजायला माप पाहिजे. धान्याला किलोचं वजन असतं, कापडाला मीटरची पट्टी असते, तसं मुलांच्या मजकुराला एक मूल पाहिजे. त्या एका मुलाला जे वाचता येईल, ते जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांना वाचता येईल. त्याला प्रमाण बालक म्हणायचं. जळगावच्या उत्तरांना जळगावचंच मूल लावलं तर पक्षपात होईल, म्हणून प्रमाण बालक धुळ्याकडून मागवलं होतं. ते साहेबांच्या साडूंचं निघालं, हा योगायोग होता. फाइलवर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

प्रमाण बालक कोपऱ्यात उंच खुर्चीवर बसलं होतं. पाय लोंबकळत होते, छातीवर बिल्ला होता. नाव रुपचंद, इयत्ता पाचवी. माप बिघडू नये म्हणून त्याला परीक्षेला बसायची मनाई होती. सहावीत गेला असता, तर सगळ्या जिल्ह्याची पाचवी अवघड झाली असती.

"कसं काम करतं हे?" गुरुजींनी दबक्या आवाजात विचारलं.

"मजकूर पुढे ठेवायचा. भुवई उंचावली तर एक हरकत. डोकं खाजवलं तर दोन. जांभई आली तर मजकूर नामंजूर."

रुपचंदने जांभई दिली. तो धुळ्याहून पहिल्या एसटीने यायचा, त्यामुळे दिवसभर जांभया द्यायचा. कक्षाने तोवर एकही उत्तर मंजूर केलेलं नव्हतं, ही कक्षाच्या काटेकोरपणाची खूण मानली जात होती.

पावसाळ्यात इंग्रजी कागदांचं मराठी झालं. ते रुपचंदने सगळं वाचलं, शेवटी जांभई दिली, आणि मजकूर सुबोधता समितीकडे छाटणीला गेला. इकडे पाळण्यातलं बाळ कुशीवर वळू लागलं, मग पालथं पडू लागलं. पालथं पडल्यावर ते मान उचलून नेमकं माझ्याकडेच बघायचं. मी भिंतीकडे तोंड करून गृहपाठ करायची.

दिवाळीच्या सुट्टीत समितीची बैठक होती आणि प्रश्नकर्ती म्हणून मला बोलावणं आलं. समितीत शेतीचे एक जाणकार होते आणि बालमनाच्या अभ्यासक सुनंदाबाई होत्या. त्यांची स्वतःची मुलं मोठी होऊन पुण्याला गेल्यामुळे त्यांना बालमनाचा अभ्यास करायला वेळ मिळाला होता.

साहेबांनी मसुदा वाचला. "केळ ही वनस्पती आहे. तिला घड येतो. नंतर ती मरते."

"मरते नको," सुनंदाबाई म्हणाल्या. "बालमन कोवळं असतं."

"नंतर ती नसते."

"मग मूल विचारेल, कुठे जाते?"

"बरोबर," साहेब म्हणाले. "मुळात सुबोध मजकुरातून नवा प्रश्न निघता कामा नये. नाहीतर तोही आपल्यालाच शोधावा लागेल." त्यांनी शेवटचं वाक्य खोडलं. "केळ ही वनस्पती आहे. तिला घड येतो."

"वनस्पती शब्द जड जातो."

"केळीला घड येतो."

"कधी येतो, किती येतो, काहीच नाही त्यात," शेतीचे जाणकार म्हणाले. "आणि हे वाचून एखाद्याच्या केळीला घड आला नाही तर? कार्यालयावर येईल."

"केळं गोड असतं," साहेबांनी सुचवलं.

"कच्चं नसतं."

मग साहेबांनी एकच शब्द लिहिला आणि कागद फिरवून सगळ्यांना दाखवला. "केळं."

"सुंदर!" सुनंदाबाई म्हणाल्या. "याच्यात अवघड काहीच नाही."

मी म्हणाले, "पण मी तर विचारलं होतं..."

"बाळ, मोठी माणसं बोलताना मधे बोलू नये. हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय."

कागद रुपचंदपुढे ठेवला. त्याची भुवई हलली नाही. हात डोक्याकडे गेला नाही. समितीने श्वास रोखला.

"समजलं?" साहेबांनी विचारलं.

"समजनं."

"काय समजलं?"

"केळ म्हंजे झाड नई शे. खरी केळ जमीनना खाले ऱ्हास, कंद म्हनतस तिले. वरतीना तो खांब..."

साहेबांनी कागद उचलून उलटसुलट पाहिला. "यात कंद कुठे आहे? कंद आपण कधीच काढलाय! तुला कुठून कळलं?"

"पयले बठ्ठा कागद वाचेल शे ना, साहेब."

कक्षावर काय संकट कोसळलंय, ते फक्त रतिलालच्या ध्यानात आलं. तो हळूच म्हणाला, "साहेब, माप फुगलं."

खरंच फुगलं होतं. सगळ्या जिल्ह्याच्या प्रश्नांची कच्ची उत्तरं आधी रुपचंदपुढे ठेवली जात. वारा कुठून येतो, तापीला पूर का येतो, माणूस का शिंकतो, सगळं त्याने वाचून ठेवलं होतं. इतर मुलांना कळू नये म्हणून जे जे कापलं, ते ते त्याला ठाऊक होतं. जिल्ह्यात ज्ञान मिळालेलं ते एकमेव मूल, आणि त्यामुळे मोजायला निरुपयोगी. त्याच दिवशी त्याला 'वाचनाने दूषित' असा शेरा देऊन सेवेतून कमी करण्यात आलं.

नव्या मापासाठी नवी अट ठरली. प्रमाण बालकाने काहीही वाचलेलं नसावं. पहिलीतलं एक मूल आणलं, तर ते दारावरची पाटी वाचत आत आलं. ते परत पाठवलं. बालवाडीतलं आणलं. ते चांगलं होतं, पण साहेबांनी उत्तर समोर धरताच ते म्हणालं, "केळं!" त्याने चित्रांच्या तक्त्यावर पाहिलं होतं. तेही दूषित. असं खाली खाली जात कक्ष साहेबांच्या घरमालकाच्या नातवापर्यंत पोचला. नातू अजून बोलतही नव्हता. त्याच्यापुढे 'केळं' ठेवलं. त्याने भोकाड पसरलं. मजकूर नामंजूर. समितीने शब्द खोडून कागद पुन्हा ठेवला. खाडाखोड पाहून तो आणखी रडला. तेवढ्यात रतिलालच्या हातून एक कोरा कागद खाली पडला. नातवाने रडं थांबवलं, तो कागद दोन्ही हातांनी धरला, हसला आणि त्याचा एक कोपरा खाल्ला.

फाइलवर शेरा पडला: बालकाने उत्तर आनंदाने स्वीकारले. सुबोधता शंभर टक्के.

पुढच्या आखाजीनंतर जळगावला सोहळा झाला. पहिलं सुबोध उत्तर प्रदान करायचं होतं, म्हणून हॉल घेतला होता, पताका होत्या, सनई वाजत होती. मला नवा फ्रॉक शिवला होता. भाऊ, म्हणजे माझे वडील, धुतलेलं धोतर नेसून दुसऱ्या रांगेत बसले होते. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कोरा कागद तबकातून आला. सह्या मागच्या बाजूला केल्या होत्या, कारण पुढच्या बाजूला केल्या असत्या तर टक्का घसरला असता.

प्रमुख पाहुण्यांनी कागद डोळ्यांपुढे धरला. वरून खाली सावकाश नजर फिरवली. "इतकं सोपं लेखन मी आयुष्यात वाचलं नाही," ते गहिवरून म्हणाले. "आमच्या लहानपणी अशी सोय असती, तर आम्ही कुठल्या कुठे गेलो असतो."

टाळ्या झाल्या. गुरुजींनीही वाजवल्या, माझी नजर चुकवून. वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचा म्हणून मला कागद वाचत असल्यासारखं उभं केलं.

"साहेब," मी हळूच विचारलं, "पण केळ घडामुळे मरते का?"

"उत्तरात आहे ना सगळं," साहेब कॅमेऱ्याकडे हसत म्हणाले. "नीट वाच."

त्याच समारंभात रुपचंदचा निरोपही उरकून घेतला होता. वयाच्या अकराव्या वर्षी निवृत्त झाल्यामुळे त्याला शाल आणि नारळ मिळाला होता. शाल घोट्यापर्यंत येत होती. हॉलच्या मागे पाण्याच्या रांजणापाशी तो एकटाच उभा होता.

"केळवाली तूच शे ना?" त्याने विचारलं.

"हो."

"माले ठाऊक शे ते. सांगू?"

मी मान हलवली.

"दखाय ना, तो खांब म्हंजे झाड नई. नुसता पानंस्ना पदर, एकवर एक. खरी केळ खाले कंदमा. वरतीना खांब मरस, पन कंद मरस नई, तो पिलं काढस."

"अन् घड?" मी विचारलं. "घडानं मरतो का तो खांब?"

"नई. तो खांब एकच डाव फुलस. फूल वर निंघनं का त्याना येळ भरना. मंग तू घड ठेव, नईतं कवळा व्हता तव्हाच तोडी टाक, खांब जास म्हंजे जास." त्याने नारळ या हातातून त्या हातात घेतला. "घडना काय गुन्हा?"

कक्षाच्या नियमाने मोजलं असतं, तर त्यातलं एकही वाक्य माझ्या वयाला पात्र ठरलं नसतं. मला सगळं समजलं. जांभई फक्त त्यालाच आली.

"तू आता काय करशील?" मी विचारलं.

"पाचवी," तो म्हणाला. "मन्हा बाप म्हनस, पोऱ्या वाया गया. बठ्ठं समजस त्याले."

आम्ही संध्याकाळी घरी आलो. धाकटा ओट्याच्या खांबाला धरून उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत. मला पाहून त्याने खांब सोडला आणि धपकन बसला. रडावं की नाही, हे ठरवायला त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला उचललं. तो मला वाटला होता त्यापेक्षा जड होता, आणि त्याच्या मानेला दुधाचा वास येत होता.

काकू दारात आली. "बई! आज सूर्य कोनीकून उगला वं?"

आई केळ नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी तेवढंच विचारायला गेले होते, आणि तेवढं मिळालं होतं.

कोरा कागद भाऊंनी फ्रेम करून भिंतीला लावला. कक्षाने शंभर टक्के उद्दिष्ट गाठल्यामुळे धुळ्याला त्याची शाखा निघाली, असं गुरुजी सांगत होते.

धाकट्याचं नाव योगराज. तो पाचेक वर्षांचा असताना घरी श्राद्धाला माणसं जमली होती. पाहुणे, शेजारी, निवृत्तीला आलेले अभिमन गुरुजी, दोन-तीन चांगले शिकलेले नातेवाईक. पानं वाढली जात असताना त्याने मोठ्याने विचारलं, "आपली आई कशानं गेली?"

ओट्यावरच्या सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं. "देवाघरी गेली."

दोन शब्द. जड शब्द नाही, मरण नाही, पुढे प्रश्न निघायला जागा नाही. समितीला वर्षभर खपून जे जमलं नाही, ते आमच्या ओट्यावर फोन न लावता, वीज न जाता एका दमात झालं होतं.

मी त्याला कडेवर घेतलं. खरं तर तो आता कडेवर घेण्याएवढा राहिला नव्हता. बागेत नेलं, कापलेल्या खांबाच्या बुडाशी बसवलं आणि तोवर मला जेवढं कळलं होतं तेवढं सगळं सांगितलं. आईचं दुखणं, दवाखाना, रक्त, आणि त्याचा गुन्हा नाही हे. लांब लांब वाक्यांत सांगितलं, मध्येच थांबून, पुन्हा मागे जाऊन. तो मातीत बोट खुपसून कंदातून फुटलेलं नवं पील चाचपत ऐकत होता. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा. नियमाप्रमाणे माझा मजकूर पूर्ण फसला.

परत आलो तेव्हा ओट्यावर सगळे माझ्यावर रागावले होते. एवढ्याशा पोराला असलं सांगतात का, मोठा झाल्यावर आपोआप कळलं असतं. तुम्हालाही मनातून तसंच वाटत असेल, तर संकोच करू नका. धुळ्याच्या शाखेत समितीची एक जागा अजून रिकामी आहे, आणि घरी केलेल्या छाटणीचा अनुभव धरतात.